जिप्समचा सांधा लवकर घट्ट कसा करायचा, आणि पंखा का लावायचा नाही

गणपती तोंडावर आले की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक ठरलेलं दृश्य असतं. लिफ्टमध्ये पांढरे ठसे, जिन्यात बोर्डाचे तुकडे आणि एखाद्या फ्लॅटच्या दारात उभे असलेले वैतागलेले घरमालक. जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग दोन दिवसांत ठोकून झालेलं असतं. अडलेलं असतं ते बोर्डांमधल्या सांध्यांपाशी. सांध्यावर टेप लावायची, त्यावर मालाचे दोन-तीन हात द्यायचे, घासायचं आणि मग रंग. बाहेर पावसाची झड लागलेली आणि कालचा हात आजही बोटाला लागतोय.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. पंखा फुल करा. हॅलोजन लावा. थोडं पांढरं सिमेंट मिसळा. गरम पाण्यात भिजवा. चिमूटभर मीठ घाला. यातले काही सल्ले बरोबर आहेत, काही उलटे पडतात आणि एक-दोन तर छताला नंतर तडे देतात. कोणता कुठल्या गटात बसतो हे पाठ करायची गरज नाही. माल घट्ट होतो म्हणजे आत काय होतं, एवढं कळलं की प्रत्येक सल्ल्याची परीक्षा आपल्यालाच घेता येते.

आधी डबा कोणता ते बघा

सांध्यात भरायला बाजारात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. तिन्ही पांढऱ्या असतात आणि आपल्याकडे तिघींनाही सरसकट ‘पुट्टी’ म्हणतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार बादलीत तयार मिळणारा, लोण्यासारखा माल. त्यात प्रामुख्याने चुनखडीची बारीक पूड, थोडा चिकट पदार्थ आणि पाणी असतं. तो खरोखर वाळतो. पाणी उडालं की घट्ट, पुन्हा भिजवला की मऊ. याला लवकर घट्ट करायचं तर हवा खेळती ठेवणं, पातळ थर देणं आणि थांबणं, एवढंच हातात असतं. यात कुठलीही पूड टाकून काही साधत नाही.

दुसरा प्रकार पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी. तिला घट्ट व्हायला पाणी लागतं, म्हणून ती फार लवकर सुकवली की भुरभुरते. ती प्लास्टरच्या भिंतीसाठी आहे, बोर्डाच्या सांध्यासाठी नाही.

तिसरा प्रकार पोत्यात किंवा पाकिटात मिळणारी पावडर. ती पाण्यात कालवली की ठरावीक वेळाने आपोआप घट्ट होते, हवा कोरडी असो वा दमट. साधं पीओपी आणि बोर्डाच्या सांध्याची सेटिंगवाली पावडर ही याच घराण्यातली. अमेरिकेत ही पावडर वेळेनुसारच विकतात: ५, २०, ४५, ९० मिनिटांची. आपल्याकडे पाकिटावर वेळ बारीक अक्षरात असते, पण बहुधा असते. या लेखात आपण बोलतोय ते फक्त या तिसऱ्या प्रकाराबद्दल. कारागीर ‘माल पकडला’ म्हणतात ते याच्याच बाबतीत. रसायनवाले त्याला सेटिंग म्हणतात. आपण ‘पकडणं’च म्हणू.

भट्टीत पळवलेलं पाणी

जिप्सम हा एक मऊ दगड आहे. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात सापडतो: बिकानेर, नागौर, जैसलमेर, बाडमेर या पट्ट्यात. या दगडात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू घट्ट बांधलेले असतात. दगड हाताला कोरडा लागतो, पण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणीच असतं.

हा दगड दळून दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी निघून जातं आणि उरते ती पांढरी पूड, म्हणजे आपलं पीओपी. त्यात पाणी घातलं की ते गेलेलं पाणी परत ओढून घेतं आणि पुन्हा दगड होतं. १७६५ साली तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या त्याच्या पहिल्यावहिल्या शोधनिबंधाचा विषय हाच होता. भाजताना जे जातं ते पाणी आणि भिजवताना जे परत येतं तेही पाणीच, हे त्याने दाखवलं.

म्हणजे बोर्डाचा गाभा, त्यावरचा सांध्याचा माल, पीओपीची कॉर्निस, हाड मोडल्यावरचं प्लास्टर आणि राजस्थानातला दगड, सगळं एकच. फरक फक्त कोणी किती पाणी गमावलंय आणि कोणी परत मिळवलंय एवढाच.

यातून पहिला निष्कर्ष लगेच निघतो. माल पाणी गमावून घट्ट होत नाही, पाणी मिळवून घट्ट होतो. पंख्याच्या सल्ल्याची अर्धी परीक्षा इथेच झाली.

आधी काहीच नाही, मग एकदम

ज्याने पीओपी कालवलंय त्याने हे पाहिलेलं असतं. घमेल्यातला माल बराच वेळ दह्यासारखा सैल राहतो. थापीने उचला, लावा, फिरवा, काही तक्रार नाही. मग अचानक दोन-तीन मिनिटांत तो जड होतो, वरची ओली चमक जाते, थापी अडते, आणि हात लावला तर माल कोमट लागतो.

हे असं का, याचं उत्तर १८८७ च्या सुमारास आणखी एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, ल शातेलिएने दिलं. भाजलेली पूड पाण्यात तुलनेने बरी विरघळते: नेहमीच्या तापमानाला लिटरमागे सात-आठ ग्रॅम. पण परत तयार होणारं जिप्सम लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळू शकतं. म्हणजे कालवलेल्या मालातल्या पाण्यात जिप्सम त्याच्या मापापेक्षा तिप्पट भरलेलं असतं. ते बाहेर पडायला टपलेलं असतं. बाहेर पडतं ते सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात. या सुया एकमेकींत अडकतात, गुंततात, आणि माल दगड होतो. बंध जुळताना उष्णता निघते, म्हणून माल कोमट.

मग सुरुवातीचा तो निवांत वेळ कशाचा? तो पहिला स्फटिक जमण्याचा. स्फटिकाला वाढायला आधी स्वतःसारखाच एक कण लागतो. तो नसेल तर शून्यातून जमवाजमव करावी लागते, आणि त्यात सगळा वेळ जातो. एकदा कण झाले की पुढचं काम झपाट्याने होतं.

स्वयंपाकघरात हे रोज घडतं. पाक करणाऱ्याला विचारा. साखरेचा घट्ट पाक निवत असताना पातेल्याच्या कडेला लागलेला साखरेचा एखादा दाणा आत पडला, किंवा कोणी उगाच डाव फिरवत बसलं, तर सगळा पाक साखरतो. पाक साखरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, कडा ओल्या फडक्याने पुसतो आणि ढवळायचं थांबतो. पीओपी लवकर पकडायला हवं असेल तर नेमकं याच्या उलट करायचं: दाणा टाकायचा, ढवळायचं आणि लिंबू लांब ठेवायचं.

ही तुलना गंमत म्हणून केलेली नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल पीओपीलाही खरंच लांबवतं, आणि ९० मिनिटांच्या पावडरमध्ये कारखान्यात जे मिसळलेलं असतं ते याच जातीचं काहीतरी असतं. पाकात लिंबू साखरेचा रेणूच फोडतं, तर पीओपीत ते स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ अडवतं. रस्ते वेगळे आहेत, परिणाम एकच.

चिमूटभर जुना माल

आता मूळ प्रश्न. ९० मिनिटांची पावडर घरात आहे, संध्याकाळ होत आलीय, दुसरा हात आजच द्यायचाय. काय करायचं?

सर्वांत साधा, स्वस्त आणि निर्धोक उपाय म्हणजे त्याच जातीच्या, आधी घट्ट होऊन वाळलेल्या मालाची बारीक पूड. कालच्या सांध्यावर पॉलिश पेपर मारताना पडलेली धूळ त्यासाठी उत्तम. ती धूळ म्हणजे लाखो तयार जिप्सम-कण. नव्या मालाला शून्यातून जमवाजमव करावीच लागत नाही, सुया थेट या कणांवर उगवायला लागतात. बोर्ड कापताना पडलेला गाभ्याचा चुराही चालतो, कारण तोही जिप्समच; फक्त कागदाचे कपटे चाळून काढावे लागतात, नाहीतर ते सांध्यात ओरखडे पाडतात. बादलीतल्या तयार मालाची धूळ मात्र चालणार नाही. ती चुनखडी आहे, तिच्यावर जिप्सम उगवायला मागत नाही.

किती घालायची? वजनाच्या अर्धा ते एक टक्का पुरते. किलोभर पावडरला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. कण जितके बारीक तितका परिणाम जास्त, कारण मोजायचं ते वजन नाही, कणांची संख्या. जाडसर खड्यांचा मोठा चमचा टाकण्यापेक्षा खलात घोटलेली चिमूट जास्त काम करते. पूड आधी पाण्यात नीट ढवळून घ्यावी आणि मग त्या पाण्यात पावडर भुरभुरावी. कोरडी गुठळी पडली तर एका ठिकाणी लवकर पकडतं, बाजूला सैल राहतं.

ही काही जुगाडू माणसाची युक्ती नाही. जिप्सम बोर्डाच्या कारखान्यात पट्ट्यावरून पळणारा ओला बोर्ड काही मिनिटांत कापण्याइतका घट्ट व्हावा लागतो, आणि त्यासाठी बारीक दळलेलं जिप्समच मिसळतात. त्या पुडीची धार दमट हवेत बोथट होते, म्हणून ती साखरेबरोबर दळून ठेवण्याची पद्धतही आहे. दातांच्या दवाखान्यांशी संबंधित प्रयोगशाळांत तर जबड्याचे साचे घासताना निघालेलं गढूळ पांढरं पाणी जपून ठेवतात आणि घाईच्या साच्यासाठी साध्या पाण्याऐवजी तेच वापरतात. त्या पाण्यात तरंगत असतात ते हेच कण.

यावरून एक नेहमीचं गूढही सुटतं. सकाळी पहिलं घमेलं व्यवस्थित अर्धा-पाऊण तास चालतं, दुपारच्या चौथ्या घमेल्याला मात्र माल हातातल्या हातात घट्ट होतो. कारागीर पोत्याला शिव्या देतो, दुकानदार कंपनीला. पोतं तेच असतं. घमेल्याच्या कडेला आणि थापीवर आधीच्या मालाची खरपुडी साठत गेलेली असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्या मालात दाणे टाकत असते. घमेलं खरवडून धुतलं की वेळ परत जागेवर येते.

पावसाळ्यात उघडं पडलेलं पोतंही असंच वागतं, पण दोन टप्प्यांत. थोडी ओल लागली की आत जिप्समचे कण तयार होतात आणि माल अपेक्षेपेक्षा लवकर पकडतो. ओल जास्त मुरली की पूडच आधी पकडून बसलेली असते. मग माल उशिरा, अर्धवट आणि भुसभुशीत होतो. गुठळ्या झालेलं पोतं चाळून वापरायचा मोह होतो. सांध्यासाठी तो टाळावा.

जास्त ढवळणं, कमी पाणी

हे दोन उपाय फुकटचे आहेत. जोरात आणि जास्त वेळ ढवळलं की नुकत्या उगवणाऱ्या सुया तुटतात, आणि प्रत्येक तुकडा नवा दाणा होतो. म्हणून ड्रिलला पाती लावून घुसळलेला माल हाताने कालवलेल्या मालापेक्षा लवकर पकडतो. पाणी कमी असेल तर सुया जवळजवळ असतात, लवकर गुंततात, आणि सांधाही मजबूत होतो.

पण ढवळण्याची एक वेळ असते. माल जड व्हायला लागल्यावर त्यात पाणी घालून पुन्हा फेटला, तर गुंतलेल्या सुया तुटतात आणि त्या पुन्हा गुंतण्यापुरतं काही शिल्लक नसतं. असा मेलेला माल लावताना लोण्यासारखा लागतो आणि वाळल्यावर नखाने खरवडला जातो. सांध्यांवर नंतर केसासारख्या भेगा दिसण्यामागे अनेकदा हेच कारण असतं. घरमालकाने एकाच गोष्टीवर नजर ठेवायची असेल तर मी ही निवडीन.

कोमट पाणी ठीक, गिझरचं नको

डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गारठलेलं असतं आणि माल रेंगाळतो. तेव्हा कोमट पाणी वापरल्याने फायदा होतो: वीस अंशांवरून पस्तीस-सदतीसपर्यंत आलं की पकडायचा वेळ थोडा कमी होतो. ‘मग कडकडीत घेतलं तर आणखी लवकर,’ असं वाटणं साहजिक आहे, पण पन्नास अंशांच्या पुढे गाडी उलटी फिरते.

कारण वर सांगितलेल्या आकड्यांतच आहे. सगळा जोर भाजलेली पूड आणि जिप्सम यांच्या विरघळण्यातल्या तफावतीतून येतो. पाणी तापत जातं तशी भाजलेल्या पुडीची विद्राव्यता झपाट्याने घटते, जिप्समची मात्र जवळपास तशीच राहते. तफावत कमी, जोर कमी. शंभर अंशांच्या आसपास ती उरतच नाही, आणि उकळत्या पाण्यात पीओपी पकडतच नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. पातळ सांध्यात निघणारी उष्णता हवेत जाते, पण माल जाड असेल तर ती आतच कोंडते आणि साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हातांचा साचा काढण्यासाठी दोन्ही हात बादलीतल्या प्लास्टरमध्ये बुडवले. माल पकडला, हात अडकले, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांच्या हाताचे ठसे घ्यायचे असतील तर हात कधीही पीओपीत घालू देऊ नका, आणि त्यात वेग वाढवणारं काही घालणं तर नकोच.

मीठ, तुरटी आणि द्राक्षवाल्यांचं खत

काही क्षारही काम करतात. सर्वांत भरवशाचं पोटॅशियम सल्फेट. दातांच्या साच्याच्या पावडरीत ते असतंच. आपल्याकडे ते शोधायला रसायनांच्या दुकानात जायची गरज नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना पाठ असलेलं ०:०:५० खत ते हेच. किलोला दोन-तीन ग्रॅम पाण्यात विरघळवून घेतलं तरी फरक दिसतो. जास्त घातलं तर माल घमेल्यातच संपतो आणि वर सांधा वाळताना पांढरा क्षार पृष्ठभागावर फुलून येतो, ज्यावर रंग धरत नाही.

मिठाने खरोखर वेग येतो, पण फक्त थोड्या मिठाने. दोनेक टक्क्यांच्या पुढे गेलं की तेच मीठ उलट लांबवायला लागतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढतं आणि बोर्डाच्या स्क्रूंना गंज चढवतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये छतात मीठ भरून ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. तुरटीही वेग वाढवते, पण ती आम्लधर्मी आहे. पावडरीत चुनखडीची भर असेल तर बुडबुडे उठतात आणि सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात.

म्हणून माझी पसंती आधी जुन्या मालाच्या पुडीला. ती जिप्सममध्ये जिप्समच घालते, परकं काही मागे राहत नाही.

‘पंखा लावायला काय हरकत आहे?’

हरकत वेळेची आहे. माल पकडायच्या आधी पाणी उडालं तर सुया व्हायला पाणीच उरत नाही. पातळ कडांना हे सर्वांत आधी होतं. वरून सांधा कोरडा, पांढरा, छान दिसतो; आत मात्र न पकडलेली पूड असते. पेपर मारला की ती खडूसारखी झडते. एप्रिलच्या कोरड्या पुणेरी दुपारी पंख्याचीही गरज नसते, खिडकीतली हवाच हे करते. हॅलोजन आणि हेअर ड्रायर तर त्याहून वाईट.

माल पूर्ण पकडल्यावर, म्हणजे कोमट होऊन परत थंड पडल्यावर, पंखा खुशाल लावा. तेव्हा तो उपयोगीच आहे, कारण तिथून पुढचं काम खरोखर वाळवण्याचं आहे.

‘आमचा माणूस पांढरं सिमेंट घालतो, लगेच घट्ट होतं’

होतं, हे खरं. सिमेंटच्या कारखान्यात क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळताना थोडं जिप्सम घालतात ते सिमेंट फार घाईने पकडू नये म्हणून. तिथे जिप्सम लगाम आहे. पण प्रमाण उलटं झालं, भरपूर जिप्सममध्ये मूठभर सिमेंट पडलं, की लगाम उरत नाही आणि माल पटकन घट्ट होतो.

अडचण नंतर येते. सिमेंटमधले अॅल्युमिनियमचे संयुग, जिप्सममधलं सल्फेट आणि पाणी मिळून हळूहळू एक नवा स्फटिक तयार होतो, एट्रिंगाइट. तो जागा जास्त घेतो. घट्ट झालेल्या सांध्यात तो वाढायला लागला की सांधा फुगतो, तडकतो. कोरड्या हॉलमध्ये कदाचित काहीच होणार नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती असलेल्या छतात होईल. कारागीर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

‘पकडलं ना? मग रंग लावू द्या’

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून थोडा हिशेब करू. एक किलो शुद्ध पीओपीला रासायनिकदृष्ट्या पाणी लागतं फक्त १८६ ग्रॅम. पण तेवढ्यात कालवलं तर माल मातीसारखा कोरडा राहतो, लावताच येत नाही. म्हणून आपण घालतो सहाशे-सातशे मिली. सहाशे धरले तरी १८६ ग्रॅम दगडात बांधले गेले आणि चारशेहून जास्त ग्रॅम मोकळं पाणी सुयांच्या जाळीत अडकून बसलं. सांधा टणक आहे, पण आतून ओला आहे.

हे मोकळं पाणी बाहेर पडायला उन्हाळ्यात एखादा दिवस, पावसाळ्यात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि कुठलीही पूड टाकून हा वेळ कमी होत नाही. त्यावर प्रायमर मारला तर पाणी आत कोंडतं, आणि महिन्याभरात सांध्याच्या रेषेत फोड किंवा पिवळट पट्टा दिसतो. जिप्सम पूर्ण वाळल्यावर ओल्या अवस्थेच्या दुपटीएवढं मजबूत होतं, तेव्हा पेपर मारायलाही वाळेपर्यंत थांबलेलं बरं.

मग लवकर पकडवून मिळवलं काय? दोन हातांमधला वेळ. सेटिंगवाल्या मालाच्या पहिल्या हातावर दुसरा हात द्यायला पहिला वाळायची गरज नसते, पकडला की पुरे. बादलीतल्या मालाला एका हातामागे एक दिवस लागत असेल, तर इथे सकाळी टेप आणि पहिला हात, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा शक्य होतो. तीन दिवसांचं काम एका दिवसात येतं. शेवटची वाळवण मात्र तेवढीच राहते. ठेकेदार ‘आज सांधे, उद्या रंग’ म्हणाला तर पहिलं अर्धं वाक्य खरं असू शकतं.

‘एवढ्या भानगडीपेक्षा कमी वेळेची पावडर आणली तर?’

तर उत्तमच. वेग वाढवायची गरज पडते ती बहुतेकदा चुकीची पावडर घरात असल्यामुळे. २० किंवा ४५ मिनिटांची मिळत असेल तर तीच आणा. तिच्यात कारखान्याने तोल साधलेला असतो. ९० मिनिटांच्या पावडरीत लांबवणारं आणि आपण घातलेलं वाढवणारं अशी आत मारामारी चालते, आणि निकाल दर पोत्याला थोडा वेगळा लागतो.

पण दुकान बंद आहे, किंवा किलोभरच माल हवाय आणि दुकानदार पोतं घ्या म्हणतोय, अशा वेळी आधी कपातली चाचणी करा. दोन कागदी कपांत प्रत्येकी शंभर ग्रॅम पावडर, सारखंच पाणी, सारखंच ढवळणं. एकात फक्त चिमूटभर पूड. चमक कधी गेली आणि नखाची खूण उमटायची कधी थांबली हे मोबाइलच्या घड्याळावर बघा. पूड घातलेला कप दहा मिनिटांत पकडला तर घमेल्यात तेवढाच माल कालवा जेवढा सात-आठ मिनिटांत लावून संपेल. एका सांध्याचा. कारागिराला हे आवडत नाही, कारण त्याला मोठं घमेलं भिजवून सलग काम उरकायचं असतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही. वेगवान माल एका खोलीच्या डागडुजीसाठी ठीक आहे, अख्ख्या छतासाठी संथ मालच बरा.

एकदा पकडलं की पाण्याने परत सैल होत नाही

पुणेकरांना हे दर भाद्रपदात दिसतं. पीओपीची मूर्ती बादलीत कितीही दिवस ठेवली तरी विरघळत नाही. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला जवळपास हजार लिटर पाणी लागेल. म्हणूनच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय दिला, जो महापालिका विसर्जनासाठी वाटते. त्याने जिप्सम नुसतं विरघळत नाही, बदलतं: तळाशी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, जे खत म्हणून वापरता येतं.

घरात याचा अर्थ असा की उरलेला माल बेसिनमध्ये किंवा बाथरूमच्या जाळीत ओतायचा नाही. तो पाण्याखालीही पकडतो, पाण्याखालीच जास्त चांगला पकडतो, आणि पाइपच्या वळणात बसला की प्लंबरला पाइप कापावा लागतो. घमेल्यातला माल घमेल्यातच घट्ट होऊ द्या, रबरी असेल तर वाकवून ढेकळं पाडा आणि राडारोड्याच्या गोणीत टाका. थापी बादलीत धुवा, बादली रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी ओतून तळाचा गाळ त्याच गोणीत जाऊ द्या. त्यातलं एक ढेकूळ मात्र उन्हात वाळवून, घोटून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं, तर पुढच्या खोलीच्या वेळी चमचाभर पूड तयार असेल.